लस आधी कॉम्प्युटरवर शोधायची? डॉ. अशोक कोळस्कर यांनी नेमकं काय केलं, आणि पिंपळगावला त्याचं काय?

पिंपळगाव बसवंतमध्ये बायोलॉजी घेऊन बीएस्सी झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता काय? संशोधन करायचं तर महागडी लॅब हवी, असं आपण धरून चालतो. पण जीवशास्त्राची एक शाखा कॉम्प्युटरवर चालते. पुण्यात तिची पायाभरणी करणाऱ्यांत डॉ. अशोक कोळस्कर हे मोठं नाव.

काम काय होतं?
विषाणूच्या प्रथिनाचा कोणता तुकडा आपली प्रतिकारशक्ती ओळखते, हे लस बनवताना कळावं लागतं. प्रत्येक तुकडा लॅबमध्ये तपासणं वेळखाऊ आणि खर्चिक. १९९० मध्ये कोळस्कर यांनी सहकाऱ्यासोबत असे तुकडे गणिताने हेरण्याची पद्धत मांडली. अचूकता साधारण ७५ टक्के. म्हणजे प्रयोग टळत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. ही पद्धत आजही वापरतात.

सार्वजनिक काम कोणतं?
पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. तेव्हा भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट यायला आठ वर्षं बाकी होती. कोळस्कर यांनी हे केंद्र उभं केलं. २००१ ते २००६ ते विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे सल्लागार झाले.

मग पिंपळगावचा संबंध काय?
२००७ मध्ये द्राक्षाचा जीनोम जाहीर झाला. तो फ्रेंच-इटालियन गटाने वाचला आणि वेल होती पिनो न्वारच्या वंशातली. आपल्या बागांमधलं थॉमसन सीडलेस नव्हे. ज्यांच्याकडे शास्त्रज्ञ असतात, ते आधी आपल्या पिकाचे प्रश्न सोडवतात. डाऊनी आणि भुरीसाठी फवारणीवर पैसा घालणाऱ्या निफाड तालुक्याने हे लक्षात ठेवावं.

तो जीनोम मात्र सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. एक कॉम्प्युटर आणि बरं इंटरनेट पुरतं. कमी पडतं ते शिक्षण. बायोलॉजीच्या मुलांना संख्याशास्त्र आणि कोडिंग क्वचितच शिकवलं जातं. याने लगेच नोकरी लागेल असं नाही. बहुतेक ठिकाणी एमएस्सी, पीएचडी लागते.

पण कोळस्कर यांची कारकीर्द एक गोष्ट दाखवते. एका शास्त्रज्ञाची पद्धत लेखातून जगभर जाते. पुढची पिढी घडायला मात्र सरकारी पैशातून उभं राहिलेलं केंद्र लागतं. पुण्याला ते १९८७ मध्ये मिळालं. द्राक्षपट्ट्यातल्या कॉलेजांना कधी मिळणार, हे विचारायला हवं.