उघडलेलें खोकें आणि जांगडीचा व्यवहार

गेल्या माघांत प्रस्तुत लेखकानें तालुक्याच्या गांवीं एका विजेच्या सामानाच्या दुकानांतून विहिरीवरील मोटारीकरितां मोबाईल स्टार्टरचें यंत्र विकत घेतलें. रात्रीच्या पाळीची वीज, ओढ्याकाठचें रान आणि गुडघ्यांचें दुखणें या तिहींमुळें घरीं बसून मोटार चालूं-बंद करण्याची सोय मनास फार पटली होती. किंमत रुपये ४,२०० पडली. घरीं आणून सिम घालून पाहिलें, तों यंत्र हुकमाबरोबर काम करूं लागलें. मग वायरमनकडून तें विहिरीवरील पेटींत बसवून घेतलें, आणि तेथें मात्र तें मुकें झालें. आमची विहीर खोलगटांत आहे व मधें टेकाड आहे. तेथें रेंज पोहोंचत नाहीं. यंत्रांत दोष कांहीं नव्हता. जागा त्याच्या उपयोगाची नव्हती, इतकेंच.

तिसऱ्या दिवशीं तें पुसून, जसें होतें तसें खोक्यांत भरून परत नेलें. दुकानदारानें तें आमच्या देखत लावून पाहिलें, उत्तम चालत असल्याचें दाखविलें, आणि बिलाच्या तळाशीं छापलेल्या ओळीवर बोट ठेवलें : 'एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं.' तीस वर्षें कचेरींत बसून ज्यानें खातेदारांस 'कागद वाचून मग सही करा' असें बजावलें, त्यानें स्वतःचें बिल न वाचतांच घडी करून खिशांत घातलें होतें! दुकानदार उर्मट नव्हता हेंही सांगितलें पाहिजे. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, 'भाऊसाहेब, फोडलेलें खोकें मी दुसऱ्याला नवें म्हणून कसें विकूं?'

या प्रश्नास त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. पुढें कायदा वाचून पाहिला, तेव्हां समजलें कीं, दुकानदार पुष्कळ अंशीं बरोबर होता. आणि हेंच आपल्या शेतकरी बंधूंस स्पष्ट सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, आतां ग्राहकाचा कायदा झाला आहे, सबब कोणतीही वस्तु आठ दिवसांत परत देतां येते. तसें नाहीं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो जुलै २०२० पासून अंमलांत आला, तो सदोष मालाविषयीं बोलतो. सदोष माल बिलांत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचें नाकारणें हा त्या कायद्यानें 'अनुचित व्यापारी प्रथे'चा प्रकार ठरविला आहे. म्हणजे माल बिघडलेला असतां ती छापील ओळ दुकानदाराच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि ग्राहक आयोगांनींही तशा ओळीस वेळोवेळीं दोष दिला आहे. परंतु माल निर्दोष असून केवळ आपल्याला नकोसा झाला, तर तो परत घेण्याची सक्ति हा कायदा दुकानदारावर करीत नाहीं.

मग खोकें फोडलें म्हणजे सर्वच हक्क गेला काय? असेंही नाहीं. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्यापूर्वीं हा विषय १८७२ च्या करार कायद्याच्या पोटांत होता. त्याचें ४१ वें कलम म्हणतें कीं, आधीं न पाहिलेला माल ग्राहकाच्या हातीं आला, तर तो ठरल्याप्रमाणें आहे कीं नाहीं हें तपासण्याची वाजवी संधि मिळेपर्यंत त्यानें तो स्वीकारला असें समजूं नये. बंद खोक्यांतील यंत्र खोकें न उघडतां कोण तपासणार? बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, जमल्यास औताला जुंपून पाहतों, मग पैसे मोजतों. यंत्राच्या बाजारांत मात्र पैसे आधीं, पाहणें मागाहून, आणि पाहिलें कीं परत घेणें बंद. ही रीत दोषी मालाच्या बाबतींत तरी कायद्यास धरून नाहीं, हें ध्यानांत असावें.

त्याच कायद्याच्या १६ व्या कलमांत माझ्या प्रकरणाचें मर्म होतें. ग्राहकानें वस्तु कोणत्या विशिष्ट कामाकरितां पाहिजे हें विक्रेत्यास सांगितलें, त्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली, आणि तो माल त्याच्या नेहमींच्या धंद्यांतला असला, तर ती वस्तु त्या कामास योग्य असलीच पाहिजे अशी अट त्या विक्रींत न बोलतां अंतर्भूत होते. मीं जर म्हटलें असतें कीं, 'विहीर खोलगटांत आहे, रेंज कमी आहे, माझ्याजवळ अमुक कंपनीचें सिम आहे, यावर चालेल असें यंत्र द्या', आणि त्यानें हेंच दिलें असतें, तर माझी बाजू भक्कम झाली असती. पण मीं काय केलें? शेजाऱ्याकडे पाहिलेल्या यंत्राचें नांव घेतलें आणि 'तेंच द्या' म्हटलें. कलमाचा अपवाद नेमका येथेंच आहे : विशिष्ट वस्तु तिच्या व्यापारी नांवानें मागितली, तर योग्यतेची ती अट लागू होत नाहीं. ज्यांना अशीं यंत्रें घ्यावयाचीं आहेत त्यांनीं हेंही विचारून घ्यावें कीं, यंत्र टू-जी सेवेवर चालणारें आहे कीं फोर-जीवर. कारण सर्वच कंपन्या टू-जी सेवा देत नाहींत, आणि तेथें यंत्र व सिम दोन्ही निर्दोष असून काम मात्र होत नाहीं.

घरबसल्या मोबाईलवरून मागविलेल्या मालाची गोष्ट थोडी निराळी. त्याकरितां २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. माल सदोष वा बनावट निघाला, जाहिरातींत सांगितलेले गुण त्यांत नसले, किंवा तो ठरल्या मुदतीनंतर आला, तर विक्रेत्यास परत घेण्याचें नाकारतां येत नाहीं. मात्र 'सात दिवसांत परत' वगैरे जें लिहिलेलें असतें, तें त्या त्या कंपनीनें आपण होऊन दिलेलें वचन होय. पुष्कळदां तें केवळ बदलून देण्याचें असतें, पैशांचें नव्हे. विलायतेंत दूरवरून मागविलेला निर्दोष मालही १४ दिवसांत नाकारण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे, व जरुरीपेक्षां जास्त हाताळल्यास त्याबद्दल रक्कम कापली जाते. पण दुकानांत जाऊन घेतलेल्या निर्दोष मालास तो हक्क तेथेंही नाहीं.

शेतीकरितां घेतलेल्या यंत्राबद्दल शेतकरी 'ग्राहक' होतो कीं नाहीं, अशी शंका कांहीं दुकानदार काढतात. स्वतःच्या श्रमानें पोट भरण्यासाठीं घेतलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाहीं, असें कायद्यांतच आहे. आणि बियाणें घेणारा शेतकरी ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बीज महामंडळाच्या प्रकरणांत २०१२ मध्यें दिलेला आहे. ज्यांचा माल खरोखर सदोष असेल त्यांनीं प्रथम १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढें दोन वर्षांच्या आंत आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें, व पांच लाखांपर्यंतच्या मालास फी पडत नाहीं.

राहतां राहिला तो निर्दोष, पण अनुपयोगी माल. त्यावर माझ्या मतें उपाय नवा शोधावयास नको. आपल्या पेठांत तो पूर्वापार आहे. त्याचें नांव जांगड. सराफाकडून दागिना, कापडवाल्याकडून लुगडें जांगड न्यावें, घरीं दाखवावें, पसंत पडल्यास पैसे द्यावे, नाहींतर परत करावें. १९३० च्या कायद्याचें २४ वें कलम हाच व्यवहार ओळखतें : पसंतीवर दिलेला माल ग्राहकानें पसंती कळविल्यावर, किंवा परत न करतां ठरलेली मुदत उलटून गेल्यावर, त्याचा होतो, तोंपर्यंत तो दुकानदाराचाच. यांत ग्राहकावरही बंधन आहे. मुदतींत कळविलें पाहिजे, माल जपला पाहिजे. गणपतींत दूरदर्शन संच आणून विसर्जनानंतर 'पसंत नाहीं' म्हणणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत, व अशांमुळेंच दुकानदार सावध झाले आहेत. तेव्हां खोकें उघडल्याबद्दल कांहीं रक्कम कापून घेण्याचें ठरलें, तर शेतकऱ्यानें त्यास ना म्हणूं नये. जीं यंत्रें रानांत लावल्याशिवाय कळत नाहींत, तेवढ्यांपुरती आठ दिवसांची जांगड मिळावी, एवढेंच मागणें आहे. एकट्यास दुकानदार नाहीं म्हणेल. पण आपल्या संस्थेच्या वतीनें पंचवीस-तीस सभासदांची मागणी एकदम गेली, तर तोच हिशेब निराळ्या नजरेनें पाहील असा माझा अदमास आहे.

माझें यंत्र अखेर माळावरील भाच्याच्या विहिरीवर गेलें. त्यानें ३,५०० रुपये दिले, व तेथें तें बिनतक्रार चाललें आहे. गेल्या महिन्यांत त्याच दुकानांतून बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला. पैसे मोजण्यापूर्वीं बिल पुढें सरकवून म्हटलें, 'यावर जांगड, आठ दिवस, असें लिहा.' दुकानदारानें दोनदां माझ्याकडे पाहिलें, थोडा हंसला, आणि त्या छापील ओळीच्याच खालीं तारीख घालून लिहून दिलें.