सेवेचा गौरव कोणत्या मापाने?

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्त्यावस्त्यांतून गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचे समारंभ सुरू होतात. ते योग्यच आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटीला कोणाचा हात लागला नाही, त्या घरच्या मुलीच्या गळ्यात पुष्पहार पडताना पाहून कोणाचे अंतःकरण भरून येणार नाही? परंतु त्याच वस्तीतील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सायंकाळी विहारात बसून शेजारपाजारच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत असतो. त्याचे नाव मात्र कोणत्याही व्यासपीठावरून पुकारले जात नाही. ही रीत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारने या दिशेने पाऊल टाकले नाही, असे नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही' या अर्थाचे आहे. पुढे १९९३-९४ पासून उत्कृष्ट स्वयंसेवकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथाही पडली. योजनेचा हेतू निःसंशय उदात्त होय. पण तिचे माप पाहा: दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर. तास भरले की प्रमाणपत्र तयार! ज्या गावात शिबिर भरले, त्या गावाला या कामाचा उपयोग काय झाला, हे त्या तासांच्या आकड्यावरून कसे समजावे? आणि जो विद्यार्थी रात्री दुकानात किंवा गोदामात राबून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवितो, जी मुलगी महाविद्यालयातून परतताच चूल आणि धाकटी भावंडे सांभाळते, त्यांनी हे तास आणावेत कोठून? अशा मापाने सेवेपेक्षा सवडीचाच गौरव अधिक होण्याचा संभव असतो.

आमच्या कुटुंबांना कोणती सेवा हवी आहे, हे उघड आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क केंद्रातही मिळाले. परंतु कायद्यात लिहिलेला हक्क दाखल्यावाचून घरापर्यंत पोहोचत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, आणि त्यावर संगणकावरचा अर्ज! नावातील एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी अर्ज परत येतो, मुदत टळते आणि एखादी हुशार मुलगी वर्षभरासाठी घरी बसते. तो अर्ज वेळेत सुधारून देणाऱ्या विद्यार्थ्याने तिचे एक वर्ष वाचविलेले असते. या कामाला फार तर अर्धा तास लागतो. तासांच्या हिशोबात त्याची किंमत ती काय?

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी तीव्र निराशा व्यक्त केली होती. शिकून मोठे झालेले लोक समाजाकडे पाठ फिरवितात, हे त्यांचे दुःख होते. ते दुःख स्मरून वर्षातून एकदा भाषण करणे सोपे आहे. जे विद्यार्थी आजही पाठ फिरवीत नाहीत, त्यांना हुडकून काढणे कष्टाचे आहे, आणि नेमके तेच काम आपण टाळीत आलो आहोत.

कोणी म्हणेल, सेवा हे कर्तव्य आहे, त्याला बक्षीस कशाला? आक्षेप वजनदार आहे खरा. पण मग अभ्यास हेही विद्यार्थ्याचे कर्तव्यच नव्हे काय? त्यासाठी आपण हार घालतोच. समारंभात ज्याचा मान होतो त्याच्याकडेच लहान मुले पाहतात व तसे होऊ इच्छितात. म्हणून कोणाला मान द्यावा, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

तेव्हा गावोगावच्या मंडळांनी येत्या समारंभात गुणवंतांच्या रांगेतच या विद्यार्थ्यांनाही बसवावे. शाल आणि ढाल नको. त्याऐवजी एका सत्राचे परीक्षा शुल्क भरावे किंवा पुस्तके घेऊन द्यावीत. (पाहुण्यांचे हार कमी केले तरी एवढी रक्कम सहज जमेल!) निवड पुढाऱ्यांनी करू नये, ज्यांना त्या सेवेचा लाभ झाला त्या मातापित्यांनी नावे सुचवावीत. त्यासाठी लेखी अर्जाची अट मुळीच नको. एखाद्या मातेने तोंडी सांगितले, तरी मंडळाच्या चिटणीसाने ते नाव आणि केलेले काम वहीत नोंदवून घ्यावे.