रिद्धपूरची किल्ली आणि अडगळीतला संगणक

१/ "जुना संगणक भंगारात द्या, त्यात राखण्यासारखे आहे तरी काय?" अमरावती-अकोल्याच्या छापखान्यांत, वाचनालयांत आणि संस्थांच्या कचेऱ्यांत हे वाक्य सहज उच्चारले जाते. माझा आरोप स्पष्ट आहे : असे म्हणणारा मनुष्य आपल्या जिल्ह्याचा इतिहास रद्दीच्या भावाने विकतो आहे. कसा, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभ रिद्धपूरपासून. अमरावती जिल्ह्यातील याच गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. पोथ्या शाबूत राहिल्या, पण लिपीची किल्ली पंथातील जाणकारांकडेच होती. म्हणून मराठीचे हे आद्य गद्य विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिले. पोथी राखणे पुरेसे नसते; किल्लीही राखावी लागते.

३/ आता १९९० च्या दशकाकडे या. शिशाचे खिळे गेले, डीटीपी आले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांवर स्मरणिका, दिवाळी अंक, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका जुळू लागल्या. युनिकोड रोजच्या वापरात नव्हते. या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेली असत. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. हीच आपल्या काळातील सकळ लिपी!

४/ "मग पेनड्राइव्हवर घ्या की!" हा उपाय सुचविणाऱ्याने जुना संगणक हाताळलेला नसावा. विंडोज ९८ बहुतेक पेनड्राइव्ह वेगळ्या ड्रायव्हरवाचून ओळखत नाही. जुन्या मॅकची गोष्ट आणखी बिकट. तेथे फॉन्टचा ऐवज फाईलच्या 'रिसोर्स फोर्क' नावाच्या दुसऱ्या कप्प्यात असतो. तो कप्पा न जाणणाऱ्या डिस्कवर नक्कल केली, की फॉन्टचे नाव उरते आणि आत शून्य!

५/ म्हणून खरा मार्ग नेटवर्कवरील सामायिक साठवणीचा. पण तेथेही भिंती होत्या. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी 'एसएमबी' हा फाईल-वाटपाचा प्रोटोकॉल रचला. तोच पुढे विंडोजची भाषा झाला. सन कंपनीने १९८४ मध्ये 'एनएफएस' आणले. ॲपलचा 'एएफपी' तिसराच. तिघांना परस्परांची भाषा कळत नसे.

६/ ही भिंत फोडली एका विद्यार्थ्याने. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून त्यांचे व्याकरण ओळखले. त्यातून 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर जन्मले. लिपी फोडणाऱ्या संशोधकाचेच हे काम नव्हे काय?

७/ किल्ली लपविणारेही होतेच. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला हा तपशील प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये हरली. अखेर त्याच वर्षी १०,००० युरो एकरकमी मोजून सांबाच्या गटाला ती कागदपत्रे मिळाली. पंथाने किल्ली लपविली ती श्रद्धेच्या रक्षणासाठी; येथे ती बाजारपेठेच्या रक्षणासाठी लपविली गेली.

८/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा सुरक्षिततेचा. तो मला मान्य आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' पसरला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषावर स्वार होऊनच. त्यानंतर नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती मुळातून बसविणे थांबले; २०१९ मध्ये सांबानेही ती पूर्वनियोजितरीत्या बंद केली. हे योग्यच झाले. परंतु "उघड्या इंटरनेटवर धोक्याचे" याचा अर्थ "नष्ट करा" असा होत नाही. जीर्ण पोथी उन्हात ठेवीत नाहीत, म्हणून कोणी ती जाळीत नाही.

९/ उपाय साधा आहे. एका संगणकावर लिनक्स बसवा. त्यावर विंडोजसाठी सांबा (जुनी आवृत्ती मुद्दाम चालू करून) आणि मॅकसाठी 'नेटाटॉक' ठेवा. २०२४ च्या नेटाटॉक ४ मध्ये जुने ॲपलटॉकही परतले आहे. हा संगणक एका स्विचने फक्त जुन्या यंत्रांना जोडा. इंटरनेट नाही, कचेरीचे नेटवर्क नाही. गोळा झालेला ऐवज बाहेरच्या डिस्कवर घेऊन तपासून मगच नव्या यंत्रावर न्या.

१०/ आणि केवळ फाईल उचलू नका. मूळ फाईल, तिचे फॉन्ट आणि जुन्या यंत्रावरच पेजमेकरमध्ये उघडून काढलेली पोस्टस्क्रिप्ट प्रत, अशा तिन्ही गोष्टी घ्या. कारण त्या यंत्रावर ती पाने आजही मूळ रूपात उघडतात. यंत्र भंगारात गेले, की किल्लीही गेली.

११/ मित्रहो, आपण मोडीच्या रुमालांसाठी हळहळतो, राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचविली म्हणून त्यांना वंदन करतो. मग आपल्याच हयातीतले दप्तर कोपऱ्यात धूळ खात असताना हात बांधून का बसतो? भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते यंत्र एकदा चालू करून पाहा. शंभर वर्षांनी कुणा संशोधकाला आपल्या पिढीची सकळ लिपी फोडावी लागली, तर दोष काळाचा नसेल, आपला असेल.