'झेपणार नाही' हे वाक्य आपल्या घरात आले कुठून?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते. "सायन्स आपल्याला झेपायचे नाही. गणित आपल्या डोक्यात नाही. पोराला सरळ आर्ट्सला घाला, निदान पास तरी होईल." हे बोलणारे कोणी वैरी नसतात. कधी मामा असतात, कधी शेजारच्या मावशी, आणि पुष्कळदा खुद्द आई-वडीलच. बोलण्यामागे माया असते, क्लासच्या फीचा हिशेब असतो. कला शाखेत कमीपणा काहीच नाही. मुलाने आवडीने निवडली तर उत्तमच! पण आवड विचारण्याआधीच भीतीने निवड झाली, तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या साऱ्या आयुष्याचा निकाल त्या एका वाक्याने लागतो. म्हणून आज आम्ही या वाक्याचीच चौकशी करायचे ठरवले आहे. ते आपल्या घरात आले कुठून?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक महिलांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केले. सहावी-सातवीतील मुलगे निवडले. काही तथाकथित उच्च जातींतील, काही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील. सर्वांना कागदावरची कोडी दिली. चक्रव्यूहातून पेन्सिलीने वाट काढायची, आणि जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळवायचे. जात कोणी विचारली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. झाले! अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांची सुटलेली कोडी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली.

कोडी तीच होती, मुलेही त्याच गावांतली, त्याच वयाची. मेंदूत काही घट झाली नव्हती. फक्त 'तू कोण आहेस' याची चारचौघांत आठवण करून दिली गेली होती. आपल्याला इथे न्याय मिळणार नाही ही धास्ती मुलांच्या मनात जागी झाली असावी, असे एक कारण संशोधकांनी मांडले. म्हणजे ज्याला आपण 'कुवत' म्हणतो, त्यातला मोठा वाटा कुवतीचा नसतोच. तो धास्तीचा असतो. ही धास्ती कोणी जन्माला येताना आणत नाही, ती शिकवली जाते. आणि जी गोष्ट शिकवली गेली, ती विसरायलाही शिकता येते.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो फळा आठवला असेल. शिक्षकांनी बाल भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका उडाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. उत्तर प्रदेशातल्या प्रयोगात जे वाचून दाखवले गेले, तेच त्या वर्गात डबे हलवून सांगितले गेले. संस्कृत शिकायचे होते, तेही नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते.

हा आकडा आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. बाबासाहेब जन्मतःच अलौकिक बुद्धीचे होते, आपले तसे कुठे, असे म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. पण आजच्या हिशेबाने ते अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. एवढे गुण घेऊन पोरगा घरी आला तर आपण त्याला काय म्हणू, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. तेच बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२२ साली लंडनमध्ये दिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो त्यांनी पुन्हा लिहून काढला आणि १९२३ साली डी.एससी. ही पदवी मिळवली. शाळेने नाकारलेले संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. अडतीस टक्के आणि डी.एससी. यांच्यामध्ये काय आहे? एक तर बसायला मिळालेली संधी, आणि दुसरी रोजची बैठक. त्यांचे मोठेपण त्या बैठकीत पाहिले तर आपल्या मुलांना त्यांच्या मागून चालता येते. नुसते जन्मजात बुद्धीत पाहिले तर फक्त फोटोला हार घालता येतो.

"पण साहेब, मेंदू काय रबराचा आहे, ताणला की वाढायला?" असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर आता मिळाले आहे, आणि ते टॅक्सी चालवणाऱ्या माणसांकडून मिळाले आहे. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षे जातात. इलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवून दिले की मेंदूत वाटा लक्षात ठेवणारा जो भाग असतो, त्याची मागची बाजू या चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठी असते. यावर शंका निघाली की मुळात तसा मेंदू असणारेच या धंद्यात येत असतील. म्हणून शिकाऊ चालकांचा मेंदू अभ्यासाआधी आणि अभ्यासानंतर तपासला गेला. २०११ साली निष्कर्ष आला : जे अभ्यास करून परीक्षा पास झाले त्यांच्या मेंदूतला तो भाग वाढलेला होता. ही सारी मोठी माणसे होती, शाळकरी पोरे नव्हेत. तेव्हा 'आता या वयात काय शिकायचे' असे म्हणणाऱ्या आमच्या भगिनींनीही हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या घरात येऊ. पोराला चांगले गुण पडले की आपण म्हणतो, "माझे लेकरू हुशार आहे." यात वावगे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटले, काहींना 'तू चांगली मेहनत केलीस' म्हटले. मग सर्वांना फार अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली. हुशार म्हटलेली मुले आधीपेक्षा मागे पडली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले आधीपेक्षा पुढे गेली. कारण उघड आहे. ज्याला हुशार म्हटले, त्याला एक कोडे अडले की वाटते, आपली हुशारी संपली. ज्याला मेहनती म्हटले, त्याला वाटते, मेहनत अजून थोडी कमी पडली.

म्हणून आम्ही एका छोट्या शब्दाची शिफारस करतो. तो शब्द आहे 'अजून'. "मला अपूर्णांक येत नाहीत" हे वाक्य दार बंद करते. "मला अपूर्णांक अजून येत नाहीत" हे वाक्य दार उघडे ठेवते.

आणि गणित आपल्या रक्तात नाही म्हणणाऱ्यांनी जरा आपल्याच हातांकडे पाहावे. आपला गवंडी बांधव पायाची आखणी करताना दोरी धरून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि तिरके पाच फूट आले की काटकोन बरोबर आहे म्हणतो. शाळेच्या पुस्तकात हाच पायथागोरसचा सिद्धांत आहे. ब्लाऊज शिवणारी आपली ताई पाऊण मीटर कापडात बाही कशी बसेल हे कात्री लावण्याआधी मनात मांडते. बचत गटाचे व्याज तोंडी सांगणारी आई शेकडेवारीच करत असते. हे सारे आपल्या घरात आहे, फक्त त्याला आपण गणित म्हणत नाही. पोराला भूमिती अडली तर एका रविवारी त्याला बापाबरोबर कामावर न्या आणि ती दोरी त्याच्या हातात द्या. बापाला गणित येते हे पोराने एकदा पाहिले, की 'आपल्या डोक्यात नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मन बदलले की सारे बदलते, असे सांगणारे आजकाल पुष्कळ झाले आहेत. तसे आम्ही म्हणत नाही. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासाचा अहवाल आला. 'बुद्धी वाढवता येते' हा एक तासापेक्षाही कमी वेळाचा पाठ दिल्यावर मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि ज्या शाळेत आजूबाजूची मुले अवघड प्रश्नाला भिडणारी होती, तिथे हा फायदा जास्त दिसला. याचा अर्थ बीज चांगले असले तरी जमीनही लागते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, वर्गात शिक्षक पाहिजेत, अपमान थांबला पाहिजे. त्यासाठीचा लढा आपला आहेच, तो पोराच्या मनोवृत्तीवर ढकलता येणार नाही. नापास झालेल्या मुलाला 'तुझाच विचार खोटा' म्हणणे हा दुसरा अन्याय होईल. पण भिंत बाहेर असताना तिची एक वीट आपण आपल्या हाताने घरात का लावावी? एवढेच आमचे म्हणणे आहे.

मेहनत म्हणजे तेच ते दहा वेळा घोकणेही नव्हे. एका पद्धतीने येत नसेल तर दुसरी पद्धत धरावी, येणाऱ्याला विचारावे. विचारण्यात लाज कसली? आपल्या विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवता येईल. कॉलेजात शिकणाऱ्या ताईने आठवीच्या चार मुलांना घेऊन बसावे. शिकणारी चार मुले एकत्र बसली की एकट्याची धास्ती ओसरते.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक घराने एवढेच करावे. रात्री जेवताना पोराला "किती मार्क पडले?" असे विचारण्याऐवजी "आज काय अडले, आणि मग तू काय केलेस?" असे विचारा. त्याने सांगितले तर पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. मग आईने आणि बाबांनीही आपले एक एक अडलेले सांगावे. बँकेची स्लिप स्वतः भरायची असेल, मोबाइलवर अर्ज करायचा असेल, सही इंग्रजीत शिकायची असेल. पोराने आईला शिकवावे आणि आईने पोरासमोर चुकत चुकत शिकावे. मोठे माणूस शिकताना चुकते आणि तरी उठून जात नाही, हे ज्या मुलाने घरात पाहिले, त्याला 'झेपणार नाही' म्हणून कोणी सहज परत पाठवू शकणार नाही.

जय भीम!