नुसती हौस पुरत नाही

निसर्ग वाचवण्याची हाक दिली की आपल्याकडे माणसांची वाण पडत नाही. वृक्षारोपणाला गर्दी होते, किनारा साफ करायला शाळाच्या शाळा उतरतात. वाण असते ती शिकून तयार झालेल्या माणसांची.

रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास पाहा. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली ग्रामस्थांना बरोबर घेऊन ती वाचवण्याचे काम हाती घेतले. २००६ पासून तिथे कासव महोत्सवही भरू लागला.

मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवतात. ऐकायला सोपे वाटते. पण काही तासांतच आतला जीव कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावू शकतो. खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल हवा. उथळ खड्ड्यातली वाळू जास्त तापते आणि पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवरच ठरते. पिल्ले बाहेर आली की उचलून पाण्यात सोडावीशी वाटतात. पण वाळूवरून त्यांनी स्वतःच चालत जायचे असते. बॅटरीचा उजेड पडला तर ती वाट चुकतात.

म्हणजे इथे भल्या मनाचा, पण न शिकलेला माणूसही घात करू शकतो. अर्ध्या दिवसाचे शिबिर, टोपी आणि प्रमाणपत्र यांनी हे भागणार नाही. जाणत्या माणसाबरोबर एक अख्खा हंगाम पहाटे किनारा तुडवावा लागतो.

हा जाणता माणूस बहुधा गावातलाच असतो. कोकणात पूर्वी ही अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरली जात. वाळूतला माग ओळखणारी नजर गावात होतीच. प्रशिक्षणाने तिला नवी दिशा दिली. मात्र 'स्वयंसेवा' या गोड शब्दाआड त्याचे श्रम फुकटात घेणे बरे नव्हे. हंगामभर राबणाऱ्याला रास्त मानधन मिळायलाच हवे.

मुलाबाळांना घेऊन तुम्ही वेळासला जाल, तेव्हा हा कासवमित्र तुम्हाला दोरीमागे उभे राहायला सांगेल. रागावू नका. 'का?' एवढे मात्र मुलांना त्याला जरूर विचारू द्या.