छातीतली धडधड

आमच्या जोहे गावात श्रावण हा सणांपेक्षा जागरणांचा महिना. पेण तालुक्यातली जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत ही गावे गणपतीच्या मूर्तींची. इथे घरोघर कारखाना. कारखाना म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे धुराडे येईल, पण आमचा कारखाना म्हणजे पडवीला लागून पत्र्याची शेड, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती आणि खाली रंगाचे डबे. सकाळी मी शाळेत अर्धवेळ शिकवते, उरलेला वेळ घर नि कारखाना. मूर्तीचे डोळे रेखायचे, म्हणजे आखणीचे काम माझ्याकडे. बारीक ब्रश टेकवताना श्वास क्षणभर रोखावा लागतो, नाहीतर रेघ हलते.

२०२५ च्या श्रावणात असाच एका रात्री श्वास रोखला आणि छातीत काहीतरी धप्‌कन पडल्यासारखे झाले. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एक मोठा ठोका. हात हलला, डाव्या डोळ्याची कड गालावर उतरली.

"काय झाला गो?" सासूबाईंनी विचारले.

"काय नाय, आई," मी म्हटले. पण पोटात गोळा आला होता, आणि त्याला कारण होते.

दोनच महिन्यांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंना संध्याकाळपासून मळमळत होते. जेवण वर आल्यासारखे वाटत होते, जबडा दुखत होता, अंगाला घाम. पित्त खवळले असेल असे सगळ्यांनीच ठरवले. त्यांनी सोडा घेतला. आल्याचा रस तर मी स्वतः काढून दिला. पहाटे दम लागला तेव्हा १०८ ला फोन केला. हार्ट ॲटॅक निघाला. काकू वाचल्या, आज घरी आहेत. पण ती आल्याच्या रसाची वाटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांचे पित्त जर हृदय निघाले, तर माझे कशावरून पित्तच?

कारण पित्त तर मला कित्येक वर्षांचे. करपट ढेकर, घशाशी आंबट येणे, आडवे झाले की छातीच्या मधोमध जळजळ. आता त्यात ही धडधड.

दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन ईसीजी काढला. "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," असे सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दोन दिवस हलके वाटले. तिसऱ्या रात्री पुन्हा धप्‌! मनात आले, ईसीजीच्या वेळी आले नाही, म्हणून सापडले नाही. मग पनवेलला दुसरे डॉक्टर, तोच निकाल. पुढे तिसरे. दिवसातून वीस-वीस वेळा मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायची. फळ्यावर लिहिता लिहिता हात मानेकडे जायचा. रात्री सगळे निजल्यावर मोबाईलवर आजारांची लक्षणे वाचत बसायची, नि वाचलेले प्रत्येक लक्षण सकाळपर्यंत मला झालेले असायचे. मुलांचे पुढे कसे होईल, आखणी कोण करील, इथपर्यंत मजल.

घरचे म्हणाले, "हे सगळे मनाचे आहे." मैत्रिणींनो, या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा आजाराचाही आला नसेल. मनाचे म्हणजे काय, खोटे? धडधड तर खरीच होत होती. आणि हे दुखणे काही रिकामटेकड्या बायकांचेच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात शेकडो सैनिक अशीच छातीतली धडधड आणि धाप घेऊन इस्पितळात आले होते. जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. बहुतेकांच्या हृदयात तपासून दोष सापडत नव्हता, त्रास मात्र खरा होता. बंदुका चालवणाऱ्या पुरुषांना होते, तर आपल्याला झाले म्हणून लाजायचे कशाला?

शेवटी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी आधी खुर्चीवर नीट बसवले आणि कागदावर चित्र काढले. आपली अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून खाली जाते. तिच्या तोंडाशी, जठराला मिळते तिथे, एक झडपेसारखा स्नायू असतो. तो सैल पडला की जठरातले आम्ल वर येते आणि जळते ते नेमके छातीत. शेजार इतका जवळचा, की दुखणे कोणाचे हे आपल्याला आतून ओळखता येत नाही. (आपली भाषा तरी कुठे ओळखते? आपण 'काळजात धस्स झाले' म्हणतो तेव्हा हात हृदयावर ठेवतो, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितले की मिळते यकृत!)

धप्‌ होते त्याचेही त्यांनी समजावले. हृदयाचा एखादा ठोका वेळेच्या आधीच पडतो. त्यानंतर थोडी विश्रांती येते, तेवढ्यात हृदय जास्त भरते, म्हणून पुढचा ठोका मोठा जाणवतो. असे चुकार ठोके निरोगी माणसांतही पडतात. बहुतेकांना कळतही नाहीत. जागरण, चहा-कॉफी, ताप, काळजी यांनी वाढतात. भरलेल्या पोटाने आणि गॅसनेही काहींना जास्त जाणवतात. एकदा घाबरलो की शरीर ॲड्रिनलिन सोडते, त्याने ठोके आणखी जोरात. घाबरून आपण हवा गिळतो, म्हणून ढेकरा नि पोट फुगणे. त्याने पुन्हा भीती.

ईसीजी हे काही सेकंदांचे चित्र असते, हे माझे म्हणणे बाईंनी मान्य केले. म्हणून चोवीस तास अंगावर बाळगायचे होल्टर नावाचे छोटे यंत्र लावले, हृदयाची सोनोग्राफी केली, आणि हिमोग्लोबिन नि थायरॉइड तपासायला सांगितले. या शेवटच्या दोन तपासण्या आधी कोणीच सांगितल्या नव्हत्या. होल्टरमध्ये तुरळक चुकार ठोके दिसले, काळजीचे नव्हते. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र नऊ! रक्त कमी असले की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त पळावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या होत्या. आपल्यातल्या किती जणी धडधडीला 'अशक्तपणा' म्हणून बसून राहत असतील!

मग बाईंनी एक वही करायला सांगितली. काय खाल्ले, किती वाजता, कधी झोपले, कधी धडधडले, एवढेच. तीन आठवड्यांची वही वाचून मला माझीच लाज वाटली. दिवसाकाठी सहा-सात कप चहा, त्यातला पहिला अनशेपोटी नि एक जेवणानंतर लगेच. (जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हे मला ठाऊकच नव्हते.) सगळ्यांना वाढून रात्री साडेदहाला जेवण आणि अकराला आडवे. सोमवारी उपास, त्यात संध्याकाळपर्यंत चहावर काढून मग साबुदाण्याची खिचडी ताटभर. पित्ताची गोळी मी दुकानातून आणून रात्री जेवल्यावर घेत होते. ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घ्यायची नसते; तिनेही लोह कमी शोषले जाते. आणि एक गोष्ट वहीत नव्हती, ती बाईंनी पाहूनच सांगितली: परकराची नाडी. आपण ती इतकी आवळतो की पोट दाबले जाऊन आम्ल वर ढकलले जाते. त्यात मी पाटावर बसून मूर्तीवर तासन्‌तास ओणवी!

चहा दोन कपांवर आणला, तोही खाण्यानंतर तासाभराने. पहिला आठवडा डोके दुखले, मग सरावले. रात्री मुलांबरोबरच आठला जेवायला बसते. उरलेल्यांनी हाताने वाढून घ्यावे असे जाहीर करायला मात्र चहा सोडण्यापेक्षा जास्त धैर्य लागले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच उंच केली. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्याने कंबरेत घडी पडून पोट उलट दाबले जाते. डाव्या कुशीवर निजते. मूर्ती उंच स्टुलावर घेऊन आखणी करते. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्या. पुदिना पित्तावर चांगला म्हणून मी भरपूर घेत होते, पण त्याने ती झडप आणखी सैल पडू शकते असे कळले, तो बंद. सोड्यात मीठासारखेच सोडियम असते, तेव्हा ब्लडप्रेशर असणारीने तो रोज घेऊ नये.

पण खरी अवघड गोष्ट होती नाडी न मोजण्याची. मोजली की क्षणभर बरे वाटते, म्हणून तर पुन्हा मोजावेसे वाटते. बाई म्हणाल्या, एकदम सोडू नका, वेळ ठरवा: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पुढे फक्त सकाळी. पुढे तेही नाही. मोबाईलवर लक्षणे शोधणे बंद. घरच्यांना "मला काही झाले तर नाही ना?" विचारणेही बंद, आणि त्यांनीही पन्नासदा "काही नाही गं" म्हणायचे नाही. मन मोकळे करायला कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, मराठीतही बोलता येते. मी एकदा केला होता. त्या वर्षी घरात धास्तीच तशी होती. जानेवारीत उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे अमलात आणायला सांगितले, गावभर हवालदिल. जूनमध्ये मूर्ती घडवायला-विकायला मुभा मिळाली, आणि सहा महिन्यांचे काम दोन महिन्यांत येऊन पडले. माझी धडधड त्याच दोन महिन्यांतली, हे फोनवर बोलता बोलता माझ्या लक्षात आले.

आता काकूंकडे वळते, कारण नाहीतर तुम्ही म्हणाल, सगळे पित्त नि काळजीच. नव्हे! छातीवर दाब, तो जबडा, पाठ किंवा हाताकडे सरकणे, थंड घाम, धाप. बायकांत तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ नि न सोसणारा थकवा असतो. असे झाले तर पित्त की हृदय हे स्वयंपाकघरात ठरवायचे नाही, १०८ ला फोन करायचा. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणे झाले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असले, तरी तपासणी टाळायची नाही. पित्ताच्या बाबतीत घास अडकणे, काळी शौच, वजन उतरणे ही लक्षणे थांबायची नव्हेत.

चुकार ठोका अजून येतो. महिन्यातून एखाद-दुसरा, बहुधा जागरण झाले की. ब्रश उचलून धरते, तो गेला की पुन्हा टेकवते.

परवा दुपारी काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली. "मळमळतंय गो, आल्याचा रस देतेस का?"

मी म्हटले, "रस नाही काकू, आधी ईसीजी." १०८ बोलावली, पेणला गेलो, तपासण्या झाल्या, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. त्या दिवशी खरोखरच पित्त होते. परत येताना रिक्षाभर काकू कुरकुरत होत्या, की आंब्याच्या लोणच्याची एवढीशी फोड खाल्ली तर हिने आख्ख्या गावाला भोंगा ऐकवला.