हात लावाल तर वॉरंटी जाईल!

गेल्या दिवाळीत पुण्याहून राळेगणसिद्धीला सायकलवर गेलो होतो. आत्या राहते तिथे. वाघोलीचा ट्रॅफिक, रांजणगावच्या कंपन्या, मग शिरूर. घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) सुरू. वाडेगव्हाणहून आत वळलं की आलंच गाव. पोचलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते, पण आत्याच्या हातची बाजरीची भाकरी पोटात गेल्यावर माणूस सगळं विसरतो.

दुसऱ्या दिवशी आतेभावाला घेऊन निघोजचे रांजणखळगे बघायला गेलो, मुद्दाम कच्च्या रस्त्यांनी. माउंटन बाइक घेतली आहे तर ती मुरमात नाही चालवायची तर काय हिंजवडीच्या सिग्नलवर? परत येताना बघतो तर पुढच्या फोर्कच्या डाव्या नळीवरून तेलाचा ओघळ. ब्रेक दाबला की हँडलखाली 'टक' असा आवाज.

आतेभावाचा एक मित्र मोटारसायकलचं गॅरेज चालवतो. त्याने सायकल बघितली, फोर्क दोनदा दाबला आणि म्हणाला, "दादा, शॉकपचं ऑइल सील गेलंय. खोलू का? तासाभराचं काम हाय."

आणि मी, इंजिनिअरिंगची डिग्री असलेला, रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, अक्षरशः ओरडलो, "हात लावू नको! वॉरंटी जाईल!"

मंडळी, आजचा लेख त्या ओरडण्याबद्दल आहे.

आधी सायकल न चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. सस्पेन्शन फोर्क म्हणजे दोन गुळगुळीत नळ्या, त्या खालच्या दोन जाड पायांत वर-खाली सरकतात. एका बाजूला स्प्रिंग (धातूची किंवा कोंडलेल्या हवेची), दुसऱ्या बाजूला तेलातून चालणारा डँपर, जो स्प्रिंगला बेडकासारखी उसळू देत नाही. नळी जिथे पायात शिरते तिथे रबराचं सील आणि त्याखाली तेलात भिजलेली फोमची रिंग. खालच्या पायात थोडंसं वंगणाचं तेल, म्हणजे प्रत्येक बाजूला चहाचे दोन-तीन चमचे फार तर. हे तेल घाण झालं किंवा संपलं की फोम कोरडा पडतो, धूळ सीलपाशी अडकून बसते आणि तीच धूळ पॉलिश पेपरसारखी नळीवरचं कोटिंग खाते. नळी एकदा खरवडली की संपलं. बऱ्याच फोर्कमध्ये वरच्या नळ्या, क्राउन आणि स्टीअररची दांडी एकमेकांत प्रेस करून बसवलेली असते. बदलायचा तर सगळा भाग एकदम. त्याची किंमत ऐकून लोक नवा फोर्कच घेतात.

म्हणजे दोन चमचे तेल वेळेवर बदललं नाही तर हजारोंचा फोर्क भंगारात. म्हणूनच कंपन्या सांगतात की साधारण दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करा, तेल बदला. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. माझं भांडण सल्ल्याशी नाहीच.

भांडण पुढच्या ओळीशी आहे.

पुण्याला आल्यावर मी वॉरंटीचा क्लेम टाकला. दोन वर्षांची वॉरंटी, सायकल १४ महिन्यांची, बिल जपून ठेवलेलं. तीन मेल आणि चार फोन झाल्यावर उत्तर आलं: ५० आणि २०० तासांच्या सर्व्हिसेस अधिकृत केंद्रात झाल्याची नोंद नसल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. अधिकृत केंद्र कुठे आहे म्हणून विचारलं, तर दुसऱ्या राज्यात! बरं, निदान सील तरी विकत द्या. "सर, सील वेगळं विकत नाही. फोर्क इकडे पाठवा."

आता आपण इंजिनिअर लोक, तर जरा हिशोब करू. मी आठवड्याला साधारण सहा तास सायकल चालवतो. १४ महिने म्हणजे ६० आठवडे, म्हणजे ३६० तास. ५० तासांच्या हिशोबाने सात सर्व्हिसेस. प्रत्येक वेळी फोर्क उपटायचा, खोक्यात भरायचा, कुरियर करायचा. जाऊन-येऊन दोन आठवडे. म्हणजे ६० पैकी १४ आठवडे मी पुढचं चाक नसलेल्या सायकलकडे बघत बसायचं. त्यांनी सांगितलेली मजुरी आणि दोन्ही बाजूंचं कुरियर मिळून एका खेपेचे अडीच हजार, म्हणजे सात खेपांचे साडेसतरा हजार. तसाच नवा फोर्क बावीस हजाराला येतो. आता बोला!

म्हणजे वॉरंटी टिकवायचा खर्च जवळपास त्या वस्तूइतकाच. हिला मी वॉरंटी म्हणत नाही. हे बिनव्याजी हप्त्यावर दुसरा फोर्क विकणं झालं, फक्त तो दुसरा फोर्क आपल्याला मिळत नाही.

आपल्या धंद्यात एसएलए असतो. क्लायंटने अमुक करावं अशी अट आपणही घालतो. पण ती अट पाळायचा रस्ता आपण उघडा ठेवतो. "लॉग फाइल पाठवा, नाहीतर सपोर्ट नाही" म्हणायचं आणि लॉग बंद करून ठेवायचे, असं केलं तर क्लायंट दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या मॅनेजरला फोन लावेल. सायकलवाल्याने कुणाला लावायचा?

कंपनीची बाजूही ऐकू. ती म्हणते, हे नाजूक काम आहे, कुणीही उघडलं तर बिघडेल. थोडं खरं आहे. मागच्या शॉकमध्ये बऱ्याचदा जास्त दाबाचा नायट्रोजन असतो, तो घरी उघडू नये, इजा होते. डँपरमधली हवा काढणंही शिकल्याशिवाय जमत नाही. पण खालच्या पायांची साफसफाई? हवा सोडा, तळाचे बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, रबरी हातोड्याने हलकेच ठोका, पाय काढा, पुसा, फोम तेलात भिजवा, तेल भरा, बंद करा. रॉकशॉक्ससारखी कंपनी आपली सर्व्हिस मॅन्युअलं नेटवर सगळ्यांसाठी ठेवते. कुठल्या पायात कुठलं तेल, किती मिलिलीटर, सगळं छापलेलं. काम एवढंच गूढ असतं तर त्यांनी ते जगाला कशाला सांगितलं असतं?

आणि मोटारसायकलचं काय? स्प्लेंडरच्या पुढच्या शॉकपचं ऑइल सील पारनेर, सुपा, शिरूर, कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं. बसवणारा गावात असतो. ती गाडी तिघांना घेऊन, वर दुधाचे कॅन अडकवून पळते. माझी सायकल तिच्याच किमतीची, आणि तिच्या सीलसाठी मी राज्याची सीमा ओलांडायची!

"मग कायदा काय करतोय?" असं तुम्ही विचाराल. करतोय, पण सायकल सोडून बाकीच्यांसाठी. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना द्यायची नाही आणि गाडी बाहेर दाखवली की वॉरंटी रद्द. आयोगाने सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, त्या कामामुळे बिघाड झाला असेल तेवढ्यापुरतंच बोला. दंडावर पुढे अपिलं झाली, पण तत्त्व बघा किती साधं आहे. अमेरिकेत तर १९७५ पासून कायदा आहे की आमचाच पार्ट आणि आमचीच सर्व्हिस अशी अट वॉरंटीला जोडायची असेल तर ती फुकट द्या. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली.

आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. सुरुवातीला चार क्षेत्रं ठरली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि मोटारवाहनं. सायकल? नाही. सायकल म्हणजे पोरांचं खेळणं नाहीतर गरिबाचं वाहन, तिला कसली आलीय वॉरंटी, असं कुणाला तरी वाटलं असणार.

राळेगणला बसून हे सगळं आठवताना एक गोष्ट फार टोचली. या गावाचं नाव ज्या कायद्याच्या लढ्याशी जोडलं गेलंय तो माहितीचा अधिकार, १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर मी सरकारला विचारू शकतो की समोरच्या रस्त्यावर किती डांबर पडलं. पण माझ्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोर्कमध्ये किती तेल आहे, हे मला कुणी सांगत नाही. माहितीचा अधिकार खाजगी कंपनीला लागू नाही हे मला माहीत आहे. पण याच गावाने पाणी अडवायला श्रमदानाने समतल चर खोदले, नाले बांधले. अधिकृत केंद्र येईल म्हणून वाट बघत बसले असते तर अजून टँकरच्याच रांगेत असते.

चूक माझीही आहे. सायकल घेताना मी गिअर किती ते विचारलं, वजन विचारलं, रंग तर तीनदा बदलला. वॉरंटीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलंही नाही. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक करायची सवय, दुसरं काय! तुम्ही तरी हे करू नका. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: या फोर्कची सर्व्हिस किती तासांनी? ती या शहरात कोण करतं? सीलचं किट सुटं मिळतं का? तीन्हीला "हो हो, होऊन जाईल" असं उत्तर आलं तर शेजारच्या दुकानात जा. आणि क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी केली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

कंपन्यांकडे माझं मागणं फार नाही. सील आणि फोम सुटे विका. तेलाचं माप छापा, जमल्यास मराठीत. कुठल्याही मेकॅनिकचं तारीख घातलेलं बिल सर्व्हिसची नोंद म्हणून धरा. आणि बाहेरच्या कामामुळे बिघडलं असं म्हणायचं असेल तर ते तुम्ही सिद्ध करा, मी नाही.

राहिला माझा फोर्क. ऑनसाइट गेलेल्या मित्राने येताना योग्य मापाचं सीलचं किट आणलं. संक्रांतीला ते घेऊन पुन्हा राळेगणला गेलो. गॅरेजवाल्या मित्राने खरंच तासाभरात पाय काढले. डाव्या पायातला फोम पापडासारखा कोरडा. नळीवर नखाएवढा ओरखडा पडलेला, तो वहिनीच्या नेलपॉलिशने भरला आणि बारीक पॉलिश पेपरने घासला. दिवाळीतच त्याला खोलू दिलं असतं तर कदाचित तो ओरखडा एवढा वाढलाही नसता. जी वॉरंटी नव्हतीच, ती वाचवायला मी दोन महिने फोर्क तसाच ठेवला होता.

पैसे किती म्हणून विचारलं तर म्हणाला, "राहू द्या दादा, चहा पाजा." मी जबरदस्तीने दोनशे रुपये दिले आणि कागदावर तारीख घालून बिल लिहून घेतलं.

तो कागद वॉरंटीच्या पुस्तकातच ठेवलाय.